रेषेबाहेरचा बिंदू

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत तुम्ही लोलकाचा प्रयोग करता. लांबी आणि आवर्तनकालाचा वर्ग यांचा आलेख काढता. सात बिंदू सरळ रेषेवर येतात, आठवा मात्र दूर जाऊन बसतो. मग काय करता? खरे सांगा, खोडरबर घेता ना? मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. असे पुसट डाग दरवर्षी पाहतो. ही सवय किती महाग पडू शकते, हे डुकरांच्या एका साथीवरून पाहू.

सप्टेंबर १९९८ पासून मलेशियातील इपोह शहराच्या परिसरात डुकरे पाळणारे लोक मेंदूज्वराने आजारी पडू लागले. निदान झाले जपानी मेंदूज्वराचे. त्याला आधारही होता. त्या रोगाचा विषाणू डुकरांच्या शरीरात वाढतो आणि क्युलेक्स डास तो माणसापर्यंत नेतात. काही रुग्णांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडेही सापडली. म्हणून डासांसाठी धूर फवारला, लोकांना लस टोचली. पण साथ हटेना.

आता रेषेबाहेरचे बिंदू पाहा. जपानी मेंदूज्वर मुख्यतः लहान मुलांना होतो. इथे आजारी पडत होती धडधाकट मोठी माणसे. डास घरातल्या सर्वांनाच चावतात. इथे आजार गाठत होता तो बहुधा डुकरे हाताळणाऱ्यांना. लस घेतलेलेही त्यातून सुटले नाहीत. शिवाय डुकरे स्वतःच भुंकल्यासारखी मोठ्याने खोकत होती. जपानी मेंदूज्वरात ती अशी खोकत नाहीत.

दरम्यान डुकरांची विक्री चालूच राहिली. त्यांच्याबरोबर साथ दक्षिणेला नेग्री सेंबिलान राज्यात पोचली. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील डॉ. चुआ काव बिंग यांनी तेथील रुग्णाच्या नमुन्यातून एक विषाणू वेगळा केला. त्याच्यामुळे पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे बनत होते. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची ही रीत नव्हे. अमेरिकेतील तपासणीत तो नवाच विषाणू ठरला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला ‘निपाह’ नाव मिळाले. त्याचे मूळ घर म्हणजे फळे खाणारी वटवाघळे. त्यांच्याकडून तो डुकरांत आला.

निदान बदलताच उपायही बदलले. डुकरांची ने-आण बंद झाली आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारण्यात आली. तेव्हा कुठे साथ आटोक्यात आली. तोवर मलेशियात २६५ जण आजारी पडले होते. त्यांतले १०५ दगावले.

पहिला अंदाज चुकला म्हणून मी त्या डॉक्टरांना दोष देणार नाही. अंदाज बांधल्याशिवाय काम सुरूच होत नाही. पण अंदाजाशी न जुळणारी गोष्ट दिसली की तो पुन्हा तपासायला हवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे आपलाही वाटा आहे. पुस्तकातल्या उत्तराला गुण दिले, की मुले खोडरबर उचलणारच. असे गुण मीही पूर्वी कापले आहेत. आता मी, न जुळणारे निरीक्षण तसेच ठेवून ‘असे का झाले असावे’ हे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देतो. आपणही देऊन पाहा.

२०१८ मध्ये निपाहची साथ केरळात कोझिकोडला आली. तेथील डॉक्टरांना लवकर शंका आली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदान पक्के केले. त्यांना संशय घेण्यासाठी ‘निपाह’ हे नाव तरी माहीत होते. ते नाव मिळाले, कारण १९९९ मध्ये कोणीतरी न जुळणारा बिंदू पुसला नाही.