आधी कान, मग जीभ

आपल्याकडे बाळ जन्मलं की कुणीतरी त्याच्या कानाशी बोलतं. मुस्लिम घरात वडील किंवा वडीलधारं माणूस उजव्या कानात अजान देतं. शेजारच्या हिंदू घरात बारशाला आत्या ‘कुर्रर्र’ करून कानात नाव सांगते. रीत वेगळी, समज एकच: माणूस आधी ऐकतो, मग बोलतो.

रमजानही ऐकण्याचाच महिना आहे. कुरआनचं अवतरण याच महिन्यात सुरू झालं आणि त्याचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच, पठण कर’, हा होता, अशी आमची श्रद्धा आहे. पैगंबरसाहेबांनी (स.) तो शब्द आधी ऐकला. आजही रोज रात्री तरावीहच्या नमाजात लोक उभे राहून कुरआन ऐकतात.

आमची मुलगी आता वर्षाची होईल. परवा इफ्तारला दहा मिनिटं असताना ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. अम्मी म्हणाली, “अब्बा बोली!” भज्यांची ताटली घेऊन आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “नाही हो भाभी, बाबाच म्हणाली.” मला दोन्ही मंजूर होतं. चाळिशी उलटल्यावर बाप झालेल्या माणसाचं पोट त्या दिवशी खजुराआधीच भरलं.

प, ब, म हे ओठांवरचे आवाज बाळाला सोपे जातात. म्हणूनच जगभर आईबापांची नावं सारखी वाटतात, असं रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडलं होतं. पण त्या आवाजाला अर्थ देतात ती भोवतालची माणसं. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. ‘दादा’ म्हटलं की मराठी घरात थोरला भाऊ वळून बघतो, उर्दू घरात आजोबा. बाळ आवाज करतं आणि आपण आनंदाने ‘ओ’ देतो, तेव्हा त्याचा शब्द होतो.

हा आनंद ओसरायच्या आत एका हितचिंतकाने सल्ला दिला. “घरात उर्दू, दारात मराठी, पोर गोंधळेल. आतापासून इंग्रजीतच बोला, प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडेल.” असा सल्ला आज अनेक घरांत मिळतो, मराठी घरांतही. तो मला पटत नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं साधारण इतर मुलांच्याच वयात बोलू लागतात. एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी असतील, पण दोन्ही मिळून मोजले तर ती मागे नसतात. ‘पाणी दो’ म्हणणारं पोर गोंधळलेलं नसतं. हाताशी असलेले शब्द ते वापरतं, जसे आपण मोठे दिवसभर वापरतो. इंग्रजी शाळेत शिकता येईल. पण ज्या भाषेत आपण रागावतो, हसतो, दुआ मागतो, ती घरात बोललीच नाही तर मूल ती ऐकणार कुठे?

खरी काळजी दुसरीच आहे. पोर रडलं की आपण हातात मोबाईल देतो. मोबाईल बोलतो, पण बाळाने ‘बा’ म्हटल्यावर थांबत नाही, हसत नाही, उत्तर देत नाही. आणि बाप? तो बऱ्याचदा बाळ उठायच्या आत बाहेर पडतो आणि झोपल्यावर परततो. आखातात कामाला गेलेल्या कितीतरी बापांना पहिला शब्द फोनवरच ऐकावा लागतो, त्यांचा नाइलाज आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा तसा नाही.

म्हणून नव्या बापांना सांगणं एवढंच: पहिल्या शब्दाची वाट बघत गप्प बसू नका. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, गच्चीवरची चिऊ-काऊ दाखवताना आपल्या भाषेत बोलत राहा आणि बाळाला उत्तर द्यायला उसंत द्या. दीड वर्ष होत आलं तरी एकही शब्द नसेल, तर भाषेला दोष देऊ नका. डॉक्टरांकडे जाऊन आधी कान तपासून घ्या.

रमजानमध्ये मावळतीला सगळं घर एका दस्तरखानावर येतं. ईदनंतर ती सक्ती राहणार नाही. पण तो अर्धा तास पुन्हा कॉलेजच्या कागदांना द्यायचा नाही, असं मी ठरवलंय. त्या वेळेत मुलीशी उर्दूत बोलेन. काकू आल्या की मराठी आहेच.