संसाराचा हिशेब : टी.व्ही. कुणाच्या डोळ्यांनी निवडायचा?



बोनसचे दिवस आले की वसाहतीतल्या घराघरांत टी.व्ही.ची चर्चा निघते. जुना संच चांगला चालत असला तरी पोरांना मोठा पडदा हवा असतो. बाप किंमत पाहतो, आई भिंतीवरची जागा पाहते, मुलगा इंच मोजतो. पण घरात एखाद्याला रंग वेगळे दिसत असतील, तर त्याला कोणी विचारत नाही. पुष्कळ घरांत तर असा कोणी आपल्यात आहे, हेच ठाऊक नसते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा पडदा काळा-पांढरा होता. त्या पडद्यापुढे या बाबतीत सगळे डोळे सारखे होते. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले आणि काही जणांसाठी कोडे सुरू झाले. घरातले लोक म्हणायचे, 'बघ, काय लाल आहे!' आणि त्याला तिथे लाल असे काही दिसायचेच नाही. तोही बिचारा मान डोलवायचा.

याला रंगांधत्व म्हणतात. हा शब्द मला मुळीच पटत नाही, कारण यात अंधत्व काहीच नाही. आपल्या डोळ्याच्या आत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातला एक प्रकार नसला किंवा थोडा निराळा असला, की लाल-हिरवा, नारिंगी-पोपटी, तपकिरी-हिरवा अशा जोड्यांत गोंधळ होतो. अणुसिद्धान्त मांडणारा इंग्लंडचा जॉन डाल्टन स्वतः असाच होता. विणकराचा मुलगा. त्याने १७९४ साली स्वतःच्या डोळ्यांवरच निबंध वाचला. युरोपीय वंशाच्या लोकांत दर बारा पुरुषांमागे साधारण एक आणि दर दोनशे स्त्रियांमागे एक असा आढळतो. आपल्या देशातल्या बहुतेक पाहण्यांत प्रमाण याहून कमी आले आहे, पण शंभर घरांच्या वसाहतीत एकही नाही असे सहसा होणार नाही.

हे येते आईकडून. म्हणजे मुलाला मिळणारे एक्स गुणसूत्र आईचे असते, आणि हा गुण त्यावर बसलेला असतो. आईला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतात, पुष्कळदा तिच्या वडिलांना ते दिसत नसतात. हे एवढ्यासाठी लिहितो, की हे कळल्यावर एखादी सासू सुनेकडे बोट दाखवील. बाईने यात काही केलेले नाही. मुलाच्या उंचीसाठी कोणी सुनेला जाब विचारत नाही, तसेच हे. आणि यावर औषध नाही. थेंब, गाजर, तावीज यांवर पैसे घालवू नका. महागडे रंगीत चष्मे विकणारेही आहेत. त्यांनी काहींना थोडा फरक जाणवतो, पण दृष्टी सर्वसाधारण होत नाही आणि वैद्यकीय तपासणीत ते चालतही नाहीत.

ओळखायचे कसे? रविवारी विहारात मुलांना पंचरंगी धम्मध्वज रंगवायला दिला की पाहा. निळा पट्टा बरोबर, पिवळा बरोबर, पांढरा तर सोडायचाच आहे. लाल आणि नारिंगी यांची मात्र अदलाबदल. एकदा झाले तर घाई म्हणावी. दर वेळी झाले, तर पोर हूड आहे म्हणून रागावू नका. आपला निळा झेंडा त्याला निळाच दिसतो, फक्त जांभळ्यालाही तो कधी निळा म्हणेल. आणि इतर मुले हसली तर शिकवणाऱ्या ताईंनी तिथल्या तिथे थांबवावे. हसे झालेले मूल पुढे रंगाचे नावच घेत नाही, आणि मग घरच्यांना कळायला वीस वर्षे लागतात.

वीस वर्षे म्हणजे किती उशीर, हे रेल्वेची परीक्षा देणाऱ्या मुलांना विचारा. इंजिन चालवणारा, गार्ड, स्टेशन मास्तर यांना लाल-हिरवा ओळखता आलाच पाहिजे, आणि ते योग्यच आहे. पण पोरगा दोन-तीन वर्षे क्लास लावतो, लेखी पास होतो, गल्लीत पेढे वाटले जातात आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकापुढे बसल्यावर त्याला आकडाच दिसत नाही. हे पुस्तक जपानच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरांनी १९१७ साली काढले. सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात केसपेपर काढून दहा मिनिटांत ही तपासणी होते. मोबाइलवर करू नका, पडद्यावर रंग बदलतात. मुलगा दहा-बारा वर्षांचा असतानाच करून घ्या. म्हणजे रेल्वेतच जायचे असेल, तर तो सुरुवातीपासून कारकुनी जागांची तयारी करील, इंजिनाची स्वप्ने पाहणार नाही. वाहन चालवण्याच्या परवान्याची गोष्ट वेगळी. सौम्य ते मध्यम रंगांधत्व असणाऱ्यांना तो मिळावा, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नियमांत केली आहे.

मात्र गरज नसताना कोणी दार बंद केले, तर ते निमूट सोसायचे कारण नाही. पाटण्याच्या एका तरुणाची २०१५ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संकलनासाठी निवड झाली आणि रंगांधत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारला गेला. तो लढत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने जाणकारांची समिती नेमली. अशा विद्यार्थ्यांना कोणत्याही अभ्यासक्रमापासून दूर ठेवण्याचे कारण नाही असे तिने सांगितले, आणि १२ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. सात वर्षे गेली!

असा माणूस चित्रपट जुळवू शकतो, तर घरचा टी.व्ही. निवडू शकणार नाही काय? धम्म 'एहिपस्सिको' आहे, येऊन स्वतः पाहा असे सांगणारा. दुकानातही हेच करा. ज्याला रंग वेगळे दिसतात त्याला बरोबर न्या आणि पडद्यापुढे बसवा. दुकानदार संच भडक रंगांवर लावून ठेवतात, आधी तो साध्या 'स्टँडर्ड'वर आणायला सांगा. मग क्रिकेट लावायला सांगा, तेही कसोटीचे. हिरव्या गवतावरचा लाल चेंडू अशा डोळ्यांना हरवतो, पांढरा हरवत नाही. ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर ख्रिस रॉजर्स रंगांध होता. गुलाबी चेंडू नीट दिसत नाही म्हणून त्याने अशा एका सामन्यातून माघार घेतली होती. तेव्हा तुमच्या मुलाला चेंडू कोणत्या संचावर सापडतो, ते त्यालाच सांगू द्या.

आता हिशेब. टी.व्ही.चा पडदा लाल, हिरवा, निळा अशा तीनच ठिपक्यांतून सगळे रंग बनवतो. 'कोट्यवधी रंग', 'जास्त गडद लाल-हिरवा' यासाठी जे वरचे पैसे मागतात, त्याचा या माणसाला फारसा उपयोग नाही. उजेड, काळ्या भागाचा काळेपणा आणि चित्राची स्पष्टता यांतला फरक मात्र त्याला तुमच्याइतकाच कळतो. संच मुख्यतः त्याच्यासाठी असेल तर पैसे तिथे घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या संचांचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे लहान आणि मोठ्या पडद्याला आता कर सारखाच आहे. बिलात तो पाहून घ्या. आणि 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात तिथे रोख घेतल्यास किती सूट आहे आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दोन प्रश्न आधी विचारा. त्या दोहोंची बेरीज हेच बहुधा तुमचे व्याज असते.

संचावरचा दिवा पाहा. बंद असताना लाल आणि चालू असताना हिरवा, असा एकच दिवा असेल तर याला काहीच कळत नाही. लाल रंग ज्याला अंधूक दिसतो, त्याला तर दिवसा तो दिवा लागलाय की नाही हेही समजत नाही. लुकलुकणारा किंवा नुसता लागणारा-विझणारा दिवा बरा. काही कंपन्यांच्या संचांत खास सोय असते. सॅमसंगने २०२३ मध्ये 'सीकलर्स' नावाने नऊ तऱ्हेच्या रंगजुळण्या संचाच्या सेटिंगमध्येच देण्याचे जाहीर केले. घेताना 'ॲक्सेसिबिलिटी' हा भाग उघडून दाखवायला सांगा. दुकानातल्या पोराला माहीत नसेल तर थांबा, त्याला शोधू द्या.

एवढे करूनही टी.व्ही. सगळे सोडवणार नाही, कारण चूक कधी पाठवणाऱ्याकडेच असते. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकेत फुटबॉलचा एक सामना झाला. एक संघ डोक्यापासून पायापर्यंत लाल, दुसरा हिरवा. घरोघरच्या अशा प्रेक्षकांना दोन्ही संघ एकच दिसले आणि त्यांनी जाहीर तक्रारी केल्या. आपल्याकडे पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत येतो. नकाशावर आपला जिल्हा हिरवा की नारिंगी, हे ज्याला कळत नाही त्याचे घर नाल्याकाठी असले तर? तेव्हा आवाज बंद करून बातम्या लावू नका, आणि घरात जो कोणी असेल त्याने रंगाचे नाव मोठ्याने सांगावे.

संच बसवायला माणूस येईल तेव्हा चित्राची एक जुळणी याच्या डोळ्यांप्रमाणे करून 'यूजर' किंवा 'कस्टम' नावाखाली ठेवून घ्या. बाकीच्यांसाठी 'स्टँडर्ड' आहेच. रिमोटवर लाल, हिरवे, पिवळे, निळे अशी चार बटणे ओळीने असतील, तर चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांवर बॉलपेनने ला, हि, पि, नि अशी अक्षरे लिहा.