ठिणगी कुणाच्या नावे?

जमाखर्चाच्या पहिल्याच धड्यात आपल्याला शिकवतात, की कोणतीही रक्कम अधांतरी राहत नाही; ती कुणाच्या तरी नावे पडतेच. गेले वर्षभर मी संध्याकाळी बेळगावातल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात वही लिहितो. तिथे एक रक्कम वारंवार चुकीच्या माणसाच्या नावे पडते असे माझे मत झाले आहे. त्याविषयी हे चार शब्द.

प्रकार असा. फोन उघडला जातो, डिस्प्ले किंवा बॅटरी बदलली जाते, फोन सुरू होतो आणि गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. तीन आठवड्यांनी तोच फोन परत येतो. आता बोर्डच गेलेला असतो. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही. मालक कारागीर पोराकडे बघून म्हणतात, "तुझ्या हाताला गुण नाही बघ." "मालक, मी काय केलो नाही हो," एवढेच तो म्हणतो. महिनाअखेर त्याच्या पगारातून बोर्डाचे पैसे वजा होतात.

हाताला गुण नसतो, पण हातावर वीज असू शकते. केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत केला आहे. दोन वस्तू एकमेकींना टेकून विलग झाल्या, की एकीवर धन आणि दुसरीवर ऋण प्रभार राहतो. पॉलिएस्टरचा शर्ट, प्लॅस्टिकचे स्टूल, पायांत रबरी चप्पल असा माणूस नुसता उठला-बसला तरी त्याच्या अंगावर प्रभार साचतो आणि रबरामुळे तो जमिनीत उतरत नाही. मग बोट धातूला लागले, की एका क्षणात निसटतो. मराठीत शॉक 'बसतो'. कन्नडात आपण 'शॉक होडीतु' म्हणतो, म्हणजे शॉकने मारले. या बाबतीत मला कन्नड अधिक नेमकी वाटते, फक्त मार खाणारा माणूस नव्हे, तर त्याच्या हातातला सुटा भाग.

माणसाला चटका जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग मात्र काही शे व्होल्टना, काही तर १०० व्होल्टच्या आसपासही दगावतात. म्हणजे कारागिराला काहीही न कळता, ठिणगी न दिसता, भाग मरू शकतो. चाचणीसाठी माणसाचे शरीर १०० पिकोफॅरड धारकता आणि १,५०० ओहम रोध असे धरतात. त्या हिशेबाने ३,००० व्होल्टला पहिल्या क्षणी २ अँपिअर प्रवाह वाहतो. ऊर्जा अर्ध्या मिलिजूलहूनही कमी, आपल्याला नगण्य. पण चिपमधल्या ट्रान्झिस्टरचा विद्युतरोधक थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. तिथे ती पुरेशी आहे.

याहून वाईट म्हणजे, भाग दर वेळी जागीच मरतो असे नाही. कधी तो नुसता जायबंदी होतो, तपासणीत पास होतो आणि पुढे केव्हातरी मान टाकतो. असे सुप्त दोष किती वेळा होतात याबद्दल अभियंत्यांत वाद आहे. होऊ शकतात याबद्दल नाही. मग तो घाव कुठे बसला? साध्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्पेअर पार्ट पाठवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडे? पिशवीतून आणणाऱ्या पोऱ्याच्या हाती? की दुरुस्तीच्या टेबलावर? छाती ठोकून कोणीही सांगू शकत नाही.

इथे वाणिज्य शाखेने बोलायला हवे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलेली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही कायम असलेली अट अशी, की नुकसानीपोटी वेतनातून कपात करायची तर ते नुकसान थेट त्या कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. 'थेट' हा शब्द महत्त्वाचा. जी ठिणगी कुणाला दिसली नाही, जाणवली नाही, तिचा 'थेट' संबंध एका पोराशी कसा जोडणार?

उपाय महाग नाहीत. मनगटाचा अर्थिंगचा पट्टा एका साध्या डिस्प्लेहून स्वस्त मिळतो. त्यात १० लाख ओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागलाच, तरी त्या पट्ट्यावाटे पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. बिनतारेचे पट्टेही बाजारात विकतात. ते बांगडीइतकेच उपयोगी, कारण प्रभाराला जायला वाटच नाही! तार असली तरी ती खऱ्या अर्थिंगला जोडलेली हवी, आणि जुन्या इमारतींतल्या कित्येक सॉकेटांचे तिसरे भोक नुसते शोभेचे असते. ते वायरमनकडून तपासून घ्यावे लागते. बोर्ड चंदेरी पिशवीत ठेवावा. गुलाबी पिशवी स्वतः प्रभार निर्माण करत नाही एवढेच, बाहेरची ठिणगी ती अडवत नाही. पावसाळ्यात आपल्या गावच्या दमट हवेत प्रभार बराचसा आपोआप झिरपून जातो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत मात्र जपायला हवे. (संगणक कक्षाबाहेर आपण धुळीसाठी चपला काढतो. उघडा पाय फरशीला लागतो, हा त्यातला न मागता मिळालेला फायदा.)

दुकानाच्या दारात दर शनिवारी नवी लिंबू-मिरची बांधली जाते. तिचा खर्च 'किरकोळ' खाती बिनतक्रार पडतो. पट्ट्याचा विषय निघाला, की मात्र "ते फॅक्टरीतले फॅड" असे उत्तर येते.

कारागीर कधीच हयगय करत नाहीत असे मी म्हणत नाही. पट्टा दिला, तो बांधायला शिकवले, आणि तरी तो खिळ्याला टांगून काम केले, तर मालकांनी जाब जरूर विचारावा. पण साधन द्यायचे मालकाने, नफा घ्यायचा मालकाने आणि जोखीम तेवढी पोराची, हे कोणत्या ताळेबंदात बसते?

मार्चअखेर वही बंद करताना मी मालकांपुढे दोन पाने ठेवणार आहे. एकावर वर्षभरात पगारांतून कापलेल्या बोर्डांची बेरीज, दुसऱ्यावर तीन टेबलांसाठी पट्टे, चटया आणि अर्थिंगचे अंदाजपत्रक. नव्या वहीत 'दुरुस्ती नुकसान' असे वेगळे खाते मी आखून ठेवले आहे. पहिली नोंद त्यांच्या सहीने व्हायची आहे.