शिक्षकाने पुन्हा बाकावर बसावे

हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. २०१७-१८मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. फुकटचे ते फुकट गेले, असे म्हणून मोकळे होता येते. पण शिक्षकाने अशा अभ्यासक्रमात विद्यार्थी म्हणून उतरावे, याचे कारण या गळतीतच आहे. व्हिडिओ नेमका कुठे रटाळ होतो, दुसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय का राहून जातो, शंका विचारायला समोर कोणी नसले की समजलेलेही कसे निसटते, हे अंगावर आल्याखेरीज मागच्या बाकावरचे मूल गप्प का, याचा अंदाज येत नाही. अध्यापनशास्त्राची पुस्तके ते सांगतात, जाणवू देत नाहीत.

यावर आक्षेप असा, की शिक्षक शिकतात ते बढतीसाठी. सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरचा ‘अर्पित’ हा प्राध्यापकांचा उजळणी वर्ग २०१८ पासून पदोन्नतीसाठी ग्राह्य धरला गेला, हे खरेच. मात्र काहीतरी पणाला लागले की माणूस टिकतो, हे ते ४६ टक्केच सांगतात. खोट आमिषात नाही, परीक्षेत आहे: पर्याय निवडण्याऐवजी स्वतःच्या वर्गात घेतलेला एक धडा तपासायला मागावा. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो बिनतोड आहे. सर्वेक्षणे, मतदारयाद्या सांभाळून रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्याकडून चिंतनाची अपेक्षा करणे ही थट्टाच; त्यासाठी वेळापत्रकात तास हवा.