विमानतळाची मेट्रो बंद असेल त्या दिवशी

मुंबईहून बदली होऊन दिल्लीला आलेलं मराठी कुटुंब पहिल्या आठवड्यात हमखास विचारतं, "इथे मेट्रोचा पास कुठे काढायचा?" उत्तर ऐकून चेहरे पडतात. पर्यटकांसाठीची एक आणि तीन दिवसांची कार्डं सोडली, तर दिल्ली मेट्रोत पास नावाची गोष्टच नाही. महिन्याचा नाही, तीन महिन्यांचा नाही. स्मार्ट कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे आणि जेवढा प्रवास कराल तेवढे कापले जातात. वरून इतर लाईनवर दर फेरीला दहा टक्के सूट. बस.

एरवी या फरकाने फारसं बिघडत नाही. पण विमानतळाकडे निघाला आहात, दोन बॅगा आहेत, सोबत आईबाबा आहेत आणि नेमकी त्या दिवशी लाईन दुरुस्तीसाठी बंद आहे, अशा वेळी पास आणि कार्ड यांतला फरक चांगलाच कळतो. आज त्याबद्दलच बोलू या.

मुंबईकराला मेगाब्लॉक म्हणजे काय हे सांगायला नको. रविवारी हार्बर लाईन बंद असली, की रेल्वे आदल्या दिवशीच कळवते की हार्बरच्या प्रवाशांनी त्याच तिकिटावर किंवा पासावर मेन लाईनने किंवा पश्चिम रेल्वेने अमुक ते अमुक वेळेत प्रवास करावा. लोकलला आपण जन्मभर शिव्या देतो, पण ही एक गोष्ट मात्र तिची खरोखर मोठ्या मनाची आहे. काम तुमचं आहे, वळसा आम्हाला पडतोय, मग जास्तीचे पैसे आमच्याकडून का? दिल्लीत कार्डाने प्रवास करताना हा हिशेब वेगळा होतो. तुम्ही दुसऱ्या वाटेने गेलात, तर त्या वाटेचं भाडं तुमच्याच कार्डातून जातं. आणि विमानतळाच्या लाईनचं, म्हणजे नारिंगी एअरपोर्ट एक्सप्रेस लाईनचं भाडं तर मुळातच वेगळं असतं. २५ ऑगस्ट २०२५ ला भाडी वाढली तेव्हा इतर लाईनवर कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ६४ रुपये झाले. एअरपोर्ट लाईनची वाढ त्याच दिवशी, पण वेगळ्या तक्त्यात जाहीर झाली.

ही लाईन बंद पडते तरी का, असं कुणाला वाटेल. ती एकदा सहा महिन्यांहून जास्त काळ बंद होती, हे आज मेट्रोत बसणाऱ्या कित्येकांना माहीतही नसेल. २३ फेब्रुवारी २०११ ला ती सुरू झाली. नवी दिल्ली स्टेशनपासून द्वारका सेक्टर २१ पर्यंत २२.७ किलोमीटर, सहा स्टेशनं, आणि चालवायला खासगी कंपनी. दीड वर्षही झालं नव्हतं, तोच जुलै २०१२ मध्ये उन्नत मार्गाच्या गर्डरमध्ये आणि त्याखालच्या बेअरिंगमध्ये दोष सापडले आणि गाड्या थांबल्या. त्या पुन्हा धावल्या २२ जानेवारी २०१३ ला, तेही ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने. खास वेगासाठी बांधलेली लाईन, आणि बैलगाडीला लाजवेल अशी चाल! १ जुलै २०१३ पासून ती दिल्ली मेट्रोने स्वतः चालवायला घेतली. पैशांचं भांडण मात्र कोर्टात पुढे दहा वर्षं चाललं. लवादाने २०१७ मध्ये कंपनीच्या बाजूने २,७८२ कोटींहून अधिक रकमेचा निवाडा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो कायम ठेवला आणि त्याच न्यायालयाने १० एप्रिल २०२४ ला तो रद्द केला.

तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. २०२३ मध्ये याच लाईनचा वेग पायरीपायरीने ताशी १२० किलोमीटरवर नेला. त्यासाठी रूळ धरून ठेवणारे क्लॅम्प बदलावे लागले. ते काम रात्री, गाड्या थांबल्यावर झालं. दिवसा प्रवास करणाऱ्याला पत्ताही लागला नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला लाईन यशोभूमी द्वारका सेक्टर २५ पर्यंत वाढली, आणि आज नवी दिल्लीहून टर्मिनल ३ ला सोळा मिनिटांच्या आसपास पोहोचता येतं. म्हणजे सहसा काम रात्री उरकलं जातं. कधीतरी मात्र ते रविवारी सकाळपर्यंत लांबतं. मग पहिले काही तास एखाद्या लाईनचा एखादा तुकडा बंद राहतो. सूचना मेट्रोच्या ॲपवर आणि समाजमाध्यमांवर एक-दोन दिवस आधी येते. आपण ती वाचत नाही, कारण शनिवारी संध्याकाळी आपण बॅगा भरत असतो आणि चिवड्याचा डबा कुणाच्या बॅगेत जाणार यावर घरात चर्चा चालू असते.

समजा, वाचली. पुढे काय?

दिल्लीच्या नकाशाची एक गंमत आहे. विमानतळाला नारिंगी लाईन एकटीच जात नाही. टर्मिनल ३ चं स्टेशन नारिंगी लाईनवर आहे आणि टर्मिनल २ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. टर्मिनल १ चं स्टेशन मात्र मॅजेंटा लाईनवर आहे. ते मे २०१८ मध्ये सुरू झालं. त्यामुळे नोएडातल्या वाचकांनो, तुमचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर नारिंगी लाईन चालू की बंद याची काळजीच करू नका. बोटॅनिकल गार्डनला मॅजेंटा लाईनमध्ये बसा आणि गाडी न बदलता टर्मिनल १ ला उतरा. गुरुग्रामकरांनी यलो लाईनने हौज खासला येऊन मॅजेंटा पकडायची.

टर्मिनल ३ ला जायचं असेल आणि नवी दिल्लीकडचा भाग बंद असेल, तर मागच्या दाराने जा. ब्लू लाईनने शेवटपर्यंत, म्हणजे द्वारका सेक्टर २१ ला जायचं आणि तिथून नारिंगी लाईनने उलट्या दिशेने एकच स्टेशन मागे यायचं. राजीव चौकहून ब्लू लाईनचा प्रवास तासाभराच्या आसपासचा आहे. सोळा मिनिटांच्या जागी एवढा वेळ, शिवाय दोन्ही लाईनचं भाडं. पण दिल्लीच्या रस्त्यांवरच्या गर्दीच्या वेळी टॅक्सी किती वाजता पोहोचवेल हे कुणी सांगू शकत नाही, मेट्रोचं सांगता येतं. निघण्याआधी एवढंच पाहा की द्वारका ते टर्मिनल ३ हा तुकडा त्या दिवशी चालू आहे ना.

तिसरी वाट मला स्वतःला आवडते. धौला कुआं हे नारिंगी लाईनचं स्टेशन आणि पिंक लाईनचं दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्टेशन यांना जोडणारा एक लांबलचक पादचारी पूल आहे. एक किलोमीटरहून लांब, पण सरकत्या पट्ट्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे बॅग ओढत जाणं तितकंसं जिवावर येत नाही. नवी दिल्ली ते धौला कुआं एवढाच भाग बंद असेल तर लाजपत नगर, आयएनए, मयूर विहार या बाजूच्या लोकांना ही वाट सोयीची. आणि जाता जाता स्टेशनच्या पाटीकडे बघा. दुर्गाबाई मूळच्या आंध्रच्या, स्वातंत्र्यसैनिक आणि संविधान सभेच्या सदस्य. १९५३ मध्ये त्यांनी आपल्या चिंतामणराव देशमुखांशी लग्न केलं. हेच ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. दिल्लीत इतक्या आत कुठे 'देशमुख' वाचायला मिळालं की मला उगीचच घरी आल्यासारखं वाटतं.

या सगळ्या वाटांवर कार्डाचा खरा उपयोग दिसतो. मोबाइलवर काढलेल्या क्यूआर तिकिटावर कुठून कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असतं. व्हॉट्सॲपवरून तिकीट काढण्याची सोय मे २०२३ मध्ये सुरू झाली ती आधी याच एअरपोर्ट लाईनवर, आणि एरवी ती छानच आहे. पण दुरुस्तीच्या दिवशी वाट मध्येच बदलावी लागली तर शिवाजी स्टेडियम ते टर्मिनल ३ असं तिकीट घेऊन तुम्ही टर्मिनल १ ला कसे जाणार? कार्ड तुम्हाला कुठे जाणार हे विचारतच नाही. आत शिरताना लावा, बाहेर पडाल तिथलं भाडं कापेल. पासासारखी फुकट वळशाची मुभा त्यात नाही, पण मन बदलायची मुभा आहे. त्यासाठी कार्डात पैसे मात्र हवेत. विमानतळाला निघताना माणशी दोनशे रुपये असू द्या. उरले तर परतीला उपयोगी पडतील.

तुमच्याकडे बँकेचं एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड असेल तर आणखी बरं. एअरपोर्ट लाईनवर ते २८ डिसेंबर २०२० पासून चालतं, आता इतर लाईनवरही. पुणे मेट्रोचं 'एक पुणे' कार्ड याच जातीचं आहे, म्हणजे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी ते घरी ठेवून येऊ नये. फक्त एक खोच आहे. मोबाइलवरून भरलेले पैसे बँकेत जमा दिसतात, पण कार्डाच्या चिपमध्ये उतरत नाहीत. ते स्टेशनवरच्या यंत्रावर कार्ड लावून उतरवून घ्यावे लागतात. हे न केल्याने गेटवर "माझे तर पाचशे भरलेत!" म्हणून हुज्जत घालणारे पाहुणे मी पाहिले आहेत. मुंबईच्या वाचकांसाठीही एक वाक्य. ७ ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ तुम्हाला विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलला नेते, पण लोकलचा पास तिथे चालत नाही, मेगाब्लॉकच्या रविवारीही नाही.

लंडनला मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांनाही हेच सांगते. ऑयस्टर कार्ड हीथ्रोच्या एलिझाबेथ लाईनवर चालतं आणि हीथ्रो एक्सप्रेसवरही चालतं. पण एक्सप्रेसचं भाडं जवळपास दुप्पट, आणि दिवसाच्या कमाल आकारणीत ते धरलं जात नाही. कार्ड चाललं म्हणजे स्वस्तात चाललं असं नाही.

आता घरचा किस्सा सांगते, कारण त्यात लाईन चालूच होती आणि तरी आम्ही फसलो. एप्रिल २०२५ मध्ये माझी मामी पुण्याला परत निघाली होती. तिकिटावर टर्मिनल २. मी कार्डं भरली, वेळेआधी निघालो, सोळा मिनिटांत टर्मिनल ३ चं स्टेशन, तिथून रमतगमत टर्मिनल २. आणि दार बंद. १५ एप्रिलपासून ते टर्मिनलच नूतनीकरणासाठी बंद केलं होतं आणि विमानं टर्मिनल १ ला हलवली होती. कळवणारा संदेश आला होता, पण पुण्यात मामाच्या फोनवर, आणि मामा फोन फक्त उचलायला वापरतो. टर्मिनल १ ला मेट्रोने जायचं म्हणजे द्वारका, मग जनकपुरी पश्चिम, मग मॅजेंटा. तासाहून जास्त. कार्डात पैसे असून उपयोग नाही. टॅक्सी केली. मामी रस्ताभर एक अक्षर बोलली नाही, काउंटर बंद व्हायला सहा मिनिटं असताना पोहोचलो, आणि तेव्हा ती म्हणाली, "बाई गं, पुढच्या वेळी मी आपली रेल्वेनेच येईन."

टर्मिनल २ पुन्हा उघडलं २६ ऑक्टोबर २०२५ ला. त्याआधी, २८ जून २०२४ ला टर्मिनल १ च्या दर्शनी छताचा भाग कोसळला तेव्हा तिथली विमानं टर्मिनल २ आणि ३ ला गेली होती. म्हणजे दोन वर्षांत टर्मिनल इकडून तिकडे दोनदा फिरलं. म्हणून मी आता आदल्या रात्री दोन गोष्टी बघते. आधी विमानाचं टर्मिनल, मग मेट्रोची सूचना. उलट क्रमाने बघितलं तर सगळी वाट पुन्हा आखावी लागते.

पहाटेच्या विमानाचं गणित वेगळं. नारिंगी लाईनची पहिली गाडी नवी दिल्लीहून पावणेपाचच्या सुमारास सुटते, पण तुमच्या घराजवळची लाईन तेव्हा झोपलेली असते. त्या वेळी वर सांगितलेली एकही पर्यायी वाट उपलब्ध नसते. सातच्या आतलं विमान असेल तर सरळ टॅक्सी सांगून ठेवा, मेट्रोचे पैसे वाचवण्याच्या नादाला लागू नका. सामान खूप असेल तेव्हाही तसंच. नारिंगी लाईनच्या डब्यात बॅगा ठेवायला रॅक आहेत, ब्लू किंवा मॅजेंटा लाईनच्या गाडीत नाहीत. तिथे भरल्या डब्यात तुमची मोठी बॅग म्हणजे दुसऱ्याच्या पायावरचं ओझं.

आणि आत गेल्यावर गाडीच येत नाही असं कळलं, तर गेटवरून तसेच निसटून बाहेर पडू नका. कार्डात प्रवास अर्धवट राहतो आणि पुढच्या स्टेशनवर गेट उघडत नाही. कस्टमर केअरच्या खिडकीवर कार्ड दाखवा, तिथे ते दुरुस्त करून देतात. हो, आणि एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. तीन फुटांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, बाकी प्रत्येकाच्या हातात आपापलं कार्ड हवं. मामीचं कार्ड आमच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यात १४० रुपये शिल्लक आहेत. दिवाळीनंतर ती येणार आहे, रेल्वेनेच.