भजनं टिळकांची, दरबार मात्र नको

रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणताना आमच्या मंडळ्यांचा ऊर भरून येतो. पण याच नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला, हे मी कुठल्याही पाळकाच्या तोंडून उपदेशात ऐकलेलं नाही. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून शेजारी शेजारी बसणार होते. मे १९१९ मध्ये टिळक गेले. चर्चने त्यांची गाणी ठेवून घेतली आणि त्यांचा विचार बासनात गुंडाळला. हा सरळ सरळ अप्रामाणिकपणा आहे.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही तेच. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी चर्चपुढे मान तुकवली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आमचं संस्कृत काय वाईट, असं त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना विचारलं. रमाबाईंनी इंग्लंडात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं याला मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. आज भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण त्यांच्यासारखी प्रश्न विचारणारी मुलगी युवक संघात उभी राहिली की तिला ‘श्रद्धेत कमी’ ठरवतात.

मी उज्जैनच्या माधव नगरात राहतो. चर्चची भाषा इथे हिंदी. मराठी उरली आहे ती घरातल्या प्रार्थनेपुरती. आमच्या प्रार्थनेला शेजारच्या एक काकू अनेक वर्षं येतात. नव्या कराराच्या त्यांच्या प्रतीची पानं कडेला काळवंडली आहेत, योहानाच्या शुभवर्तमानात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा आहेत. बाप्तिस्मा झालेला नाही. एका रविवारी त्या माझ्याबरोबर चर्चला आल्या. प्रभुभोजनाची भाकर आमच्या बाकापर्यंत आली, त्यांनी हात पुढे केला, आणि ताट त्यांच्या हातावरून सरकवून माझ्यापुढे धरलं गेलं. नंतर उत्तर मिळालं: “आधी नाव रजिस्टरात येऊ द्या.”

कुठल्या तोंडाने हे सांगता? मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्यानेही साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं आहे. नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईसाठी त्या अर्जाचा अर्थ काय होतो, हे पाळकांना कळत नाही असं नाही. त्या कायद्याविरुद्ध आपण निवेदनं देतो, माणसाच्या श्रद्धेची नोंद सरकारने का ठेवावी म्हणून संतापतो. तो संताप रास्तच आहे. पण देवाच्या मेजापाशी आपणही वहीच उघडून बसलो आहोत. कलेक्टर कचेरी आणि चर्च, दोघांनाही त्या बाईचा विश्वास कागदावरच हवा आहे.

बाप्तिस्मा ही ख्रिस्ताचीच आज्ञा आहे, असं सनातनी मंडळी सांगतात. आहेच. मत्तयाचा अठ्ठाविसावा अध्याय मलाही पाठ आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्यायही त्याच पुस्तकात आहे. कर्नेल्याच्या घरी पेत्र अजून बोलतच होता, तेवढ्यात ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. देवाने ज्यांना आधीच आपलं म्हटलं, त्यांना पाण्याची मनाई कोण करणार, असं तेव्हा पेत्राने विचारलं. आमच्याकडे उलटा कारभार चालतो: पाणी नाही तर आत्माही नाही असं धरायचं, आणि बाईला पाण्यापर्यंत पोचायला किती भिंती ओलांडाव्या लागतात हे बघायचंही नाही.

मी बंड करायला निघालेलो नाही. याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, आईवडिलांची अंत्यविधीची प्रार्थनाही इथेच झाली. म्हणूनच पास्टोरेट कमिटीला लेखी कळवलं आहे: भाकरीचं ताट त्या काकूंपुढे थांबत नाही तोवर मीही प्रभुभोजन घेणार नाही, आणि येत्या वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. पत्राची पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही.