पुरातून जनावर बाहेर निघालं, पण घरी कोण पोचवणार?

पावसाळ्याला अजून सव्वा महिना आहे म्हणून आत्ताच लिहितोय. जुलैत लिहून उपयोग नाही. तेव्हा सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं असतं. ३९ झालं, ४३ झालं, सांगलीत आयर्विनला किती लागलं, एवढंच ग्रुपवर चालतं.

२०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेनं ५५ फूट ओलांडली. शिरोळ तालुक्याला तर कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी. त्या दोन पुरांनंतर बोटी आल्या, पथकं आली, मॉक ड्रिल झाली, फोटो आले. चांगलंच झालं. पण एका गोष्टीवर कुणी बोलत नाही. पुरातून वाचलेलं जनावर परत मालकाच्या दावणीला कसं जायचं?

बोट दारात लागते आणि माणूस म्हणतो, मी येत नाही, गोठ्यात म्हशी आहेत. टीव्हीवाले याला हट्ट म्हणतात. हट्ट कसला? दुधाच्या बिलावर ज्याचं घर चालतं त्याला विचारा. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते. सरकारी निकषात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. दुभती मोठी जनावरं तीनच धरायची. चौथी वाहून गेली तर ती तुमची तुम्ही. आणि ही मदत मेलेल्या जनावरासाठी आहे, पंचनामा झाला तर. वाहून गेलेल्याचा पंचनामा करून घेताना काय घाम फुटतो ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

आता गंमत बघा. जनावर मेलं नाही, जिवंत आहे, पण कुठं आहे माहीत नाही. हे कुठल्या रकान्यात बसतं? कुठल्याच नाही. मदत नाही, म्हैसही नाही, आणि दूध संस्थेतून घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र बिलातून कापला जातोच.

पाणी चढायला लागलं की दावं सोडा किंवा कापा, हे डॉक्टर सांगतात आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं. मोकळं जनावर पोहतं, उंचवट्याला लागतं, दुसऱ्याच गावच्या माळावर जाऊन उभं राहतं. तिथं कुणीतरी भला माणूस बांधून घेतो, वैरण टाकतो. पुढं काय? २०२१ ला आमच्या ओळखीतल्या एका काकूंची म्हैस अशीच गेली. वीस दिवसांनी कळलं, तीन गावं पलीकडं आहे. गेल्या तर तिथला माणूस म्हणाला, मी वीस दिवस वैरण घातली, आणि ही तुमचीच कशावरून? खोटं बोलत नव्हता बिचारा, त्याच्याकडं आधी दोघं येऊन "आमचीच" म्हणून गेले होते. शेवटी काकूंनी लांबून हाळी दिली, म्हशीनं मान वळवली, पोलीस पाटलांनी ते मान्य केलं. वैरणीचे पैसे देऊन म्हैस घरी आली. तोवर ती आटली होती. पण ही नशिबाची गोष्ट झाली. हाळीवर व्यवस्था चालत नसते.

आणि व्यवस्था नाही असंही नाही हो! जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला आहे की. बारा अंकी नंबर. पशुसंवर्धन खात्याच्या माणसानं तो भारत पशुधनच्या नोंदीत टाकला की मालक, गाव, मोबाईल समोर. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही असा नियमही आला. मग अडतं कुठं? एक तर बाजारात जनावर विकलं की बिल्ला जनावराबरोबर जातो, नोंदीत नाव मात्र जुन्याच मालकाचं राहतं. दुसरं, मोबाईल नंबर तीन सिम मागचा. तिसरं, कान फाटून बिल्ला पडलेला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, छावणीत येणाऱ्या जनावराचा नंबर उतरवून घ्यायचं काम कुणाचं हेच ठरलेलं नाही. तलाठी माणसांची यादी करतो, डॉक्टर लस टोचतो, संस्था वैरण वाटतात. कानातला नंबर वाचायला कुणाला सांगितलेलंच नसतं.

याला काही मशीन लागत नाही. एक वही लागते. नंबर, रंग, शिंगांची ठेवण, कुठल्या गावाकडून आलं, कुणी आणलं, कुणाला दिलं, सही. जुन्या लोकांना कोंडवाडा आठवत असेल. १८७१ च्या इंग्रजी कायद्यातला कोंडवाडा, त्यात मोकाट जनावराची अशीच नोंद व्हायची. दीडशे वर्षांपूर्वी जे वहीत जमत होतं ते आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना जमत नाही, याला काय म्हणायचं?

आता कुत्र्या-मांजरांकडं येतो. इथं काही जण हसणार, हसू दे. "माणसं अडकलीत आणि याला कुत्र्यांचं पडलंय" ही कमेंट येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळात न्यू ऑर्लीन्स शहर पाण्यात गेलं. निवारा केंद्रात आणि बसमध्ये प्राणी घेत नव्हते. कितीतरी लोक कुत्र्या-मांजरांसाठी घरातच थांबले. जे निघाले त्यांची जनावरं मागं राहिली, नंतर हजारोंनी वाचवली गेली, पण परत मालकाकडं गेली ती फार थोडी. कारण तेच, नोंद नाही. पुढच्याच वर्षी, २००६ ला, त्यांनी कायदा केला की आपत्ती नियोजनात घरातल्या प्राण्यांचा विचार करावाच लागेल. त्यात प्राणिप्रेम होतंच, पण बचाव पथकाला एकाच घरी दोनदा जावं लागू नये हा रोकडा हिशेबही होता. आपल्याकडं म्हशीसाठी थांबणारा आणि कुत्र्यासाठी थांबणारी म्हातारी, दोघंही त्याच बोटीला दुसऱ्यांदा यायला लावतात.

आपल्याकडची निवारा केंद्रं म्हणजे शाळा नाहीतर मंगल कार्यालय. कुत्रा आत नको, हे मला समजतं. लहान पोरं असतात, चावण्याची भीती असते. पण मागच्या बाजूला एक पत्र्याची शेड, चार खुंट्या, एवढं करायला काय लागतं? नाहीतर लोक गच्चीवर दोन भाकऱ्या ठेवून कुत्रं बांधून येतात आणि पुढं आठ दिवस जेवण जात नाही.

ज्यांच्या घरी प्राणी आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा. जनावराचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बिल्ल्याचा जवळून फोटो काढा आणि गावाबाहेरच्या पाव्हण्याला पाठवून ठेवा. तुमचा फोन पाण्यात गेला तर फोटो कुठून आणणार? कुत्र्याच्या पट्ट्यावर आतल्या बाजूनं न पुसणाऱ्या पेननं नंबर लिहा. जनावर विकत घेतलं असेल तर दवाखान्यात जाऊन नोंद आपल्या नावावर करून घ्या, आणि बिल्ला पडला असेल तर नवीन मारून घ्या.

आणि हरवलेलं जनावर सापडलं तर व्हॉट्सॲपवर टाकताना सगळ्या खुणा टाकू नका राव! एक खूण मागं ठेवा. पोटाखालचा पांढरा ठिपका, जुना डाग, कापलेली शेपटी, काहीही. जो येईल त्याला ती विचारा. खऱ्या मालकाला सांगता येते. देताना गावातले दोन माणसं समोर ठेवा, देणाऱ्या-घेणाऱ्याचा फोटो काढा आणि वहीत सही घ्या. वैरणीच्या खर्चाचं आधीच बोलून घ्या, सांभाळणाऱ्यावर तो भुर्दंड बसू नये. पंचायतीनं किंवा दूध संस्थेनं तो उचलला तर भांडणच मिटलं.

दूध संस्थेचं नाव मुद्दाम घेतोय. कुणाच्या दारात किती जनावरं हे तलाठ्यापेक्षा संस्थेच्या सेक्रेटरीला जास्त माहीत असतं, रोज सकाळ-संध्याकाळ माप तोच घेतो. पूररेषेतल्या प्रत्येक गावात त्याच्याकडं जनावरांची यादी, बिल्ला नंबरासकट, छापील, प्लास्टिकच्या पिशवीत तयार पाहिजे. जनावरं कुठल्या गावाला हलवायची ते आत्ता ठरलं तर यादीची एक प्रत तिथल्या संस्थेकडंही आधीच जाऊ शकते.

१ मेला ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत पूर नियोजन असेलच. तिथं उठून तीन गोष्टी विचारा: छावणीच्या दारात वही घेऊन कोण बसणार, त्याचं नाव काय? निवारा केंद्रात कुत्र्या-मांजरांची सोय कुठं? बेवारस सापडलेलं जनावर किती दिवस सांभाळायचं आणि कुणाच्या खर्चानं? उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. आणि तुमच्या गावात काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट टाका. २ तारखेपासून मी यादी करायला बसतोय.